पान एकशे बारा

दुसऱ्या शनिवारी आम्ही सात जणी
खैरनारबाईंकडे, गंगापूर रोडला, दवाखान्याच्या वर.
खालून स्पिरिटचा वास येतो, ताटातून चिवड्याचा.
विकतची प्रत एकच, बाकी सगळ्या झेरॉक्स.
माझ्या प्रतीत एकतीस ते चौतीस उलटी लागलीयत,
त्यामुळे नायिका आधी नापास होते
आणि मग परीक्षेला बसते.
‘बरोबर आहे की,’ उर्मिला आहेर म्हणाली,
‘तसंच तर असतं.’

कादंबरीतली ती रात्रभर जागून मोजते
काचेच्या बशीतल्या जंतूंच्या वसाहती.
सकाळी सर येतात, आकडे घेऊन जातात.
शोधनिबंधात तिचं नाव शेवटी, बारीक टायपात,
टंकलेखक आणि शिपाई यांच्या मधोमध,
आभार.

तहसीन म्हणाली, जरा अतीच रंगवलंय,
इतकं उघड कोण बोलतं?
खैरनारबाई चष्मा पुसत राहिल्या.
‘उघड कुठे बोलतं गं कुणी?
एकोणीस वर्षं पाणी तपासलं मी,
धरणाचं, विहिरींचं,
कुंभमेळ्याआधीचं नदीचं आणि नंतरचं.
पाहुणे आले की साहेब म्हणायचे,
बाई, चहा मात्र तुमच्याच हातचा.
बस, एवढंच.
बीकर घासायच्या ब्रशने मी ते कप विसळायचे.
हे आजवर ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही.’
स्वयंपाकघरात ह्यांनी चहाचं आधण ठेवलं होतं,
भांडं वाजलं.

उर्मिलाची लॅब सातपूरला, दुसऱ्या मजल्यावर.
बायकांचं स्वच्छतागृह गेटपाशी, वॉचमनच्या केबिनमागे.
दर वीस मिनिटांनी एक वाचन घ्यायचं, जागा सोडायची नाही.
‘मी पाणी पिणंच सोडलं,’ ती म्हणाली,
‘आता डॉक्टर विचारतात, कधीपासून?’

मग पान एकशे बारा.
तिथे विभागप्रमुख बाई आहे.
पेनाला टोपण लावत लावत ती म्हणते,
‘तुझ्या भल्यासाठीच सांगतेय.’
सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या.
बाई असून! शिकलेली असून!
कुणीतरी ती जुनी म्हण काढली,
उर्मिलाने हात वर करून थांबवली.

मी चिवड्यातले शेंगदाणे बाजूला काढत होते.

मनाली पगार. पिंपळगाव बसवंतहून एसटीने यायची.
डब्याच्या झाकणात, ओल्या फडक्याखाली, द्राक्षाची पानं.
तिला भुरीवर काम करायचं होतं.
तिनेच मला दाखवलं होतं, मला, वनस्पतिशास्त्राच्या बाईंना,
मण्यावर पांढरं दिसलं की लगेच घाबरायचं नाही,
पुसून बघायचं:
मेण असलं तर खाली चकचकीत,
भुरी असली तर तपकिरी जाळी राहते.
‘आमचे आजोबा असंच बघतात, मॅडम.’

जागा एकच होती.
मी म्हटलं, मळ्यातून उशिरापर्यंत फिरावं लागेल,
आणि तुझं तर ठरलंय ना?
ती म्हणाली, हो मॅडम.
कशाला हो, ते मी विचारलं नाही.
जागा जाधवला दिली. त्याने दोन वर्षांत सोडलं,
आता विमा विकतो, दिवाळीला न चुकता मेसेज करतो.

‘तुम्ही आज काहीच बोलला नाहीत?’
मी म्हटलं, माझ्या प्रतीत ते पान
नीट उमटलेलं नाही.
तहसीनने लगेच आपलं पान पुढे केलं.
तिची प्रत माझ्याच प्रतीवरून काढलेली.
टोपणाची क्लिपसुद्धा स्पष्ट वाचता येत होती.
तिने एकदा पानाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे,
आणि चहा घ्या म्हणाली.

परतताना कॉलेज रोडच्या कोपऱ्यावर हातगाडी,
बल्बच्या उजेडात घड, वर पांढुरकं काहीतरी.
मी रुमालाच्या टोकाने एक मणी पुसला.
मग शेजारचा.
मग त्याच्या शेजारचा.

‘बाई,’ गाडीवाला म्हणाला,
‘सगळे चांगलेच आहेत हो.
किती देऊ?’